बाहेरगावी जाताना बदकांची सोय: सुरुवात तिन्हीसांजेच्या दारापासून

कोंबडीला तिन्हीसांजेला कुणी सांगावं लागत नाही. उजेड उतरला की ती आपली आपण खुराड्यात शिरते. बदकाचं तसं नाही. अंधार पडला तरी ते दोणीत डोकं बुडवत बसतं, माडाच्या आळ्यातला चिखल चाळत राहतं आणि मग तिथेच, उघड्यावर, पाठीवर मान टाकून झोपतं. बदकं नव्याने पाळलेला कुणी पहिल्यांदाच चार दिवस बाहेर निघाला की त्याला मी सगळ्यात आधी हे सांगते. दाण्याचं गणित सोपं आहे, ते पुढे येईलच. पण आपल्या माघारी बदकं जातात ती उपाशी राहून नाही, संध्याकाळी आत न गेल्यामुळे.

आम्ही गुहागर तालुक्यात राहायला आलो त्याच्या दुसऱ्याच वर्षी एका लग्नासाठी तीन दिवस कोल्हापूरला गेलो होतो. शेजारच्या काकींकडे बदकं सोपवली. काकींचा जन्म कोंबड्या पाळण्यात गेलेला. मी त्यांना दाणा दाखवला, पाणी दाखवलं आणि संध्याकाळी दार लावायला सांगितलं. काकी सातला आल्या, दार लावलं आणि गेल्या. आत बदकं आहेत का हे बघायचं असतं, हे मी सांगितलंच नव्हतं, आणि त्यांना ते सुचायचं काही कारणही नव्हतं. सकाळी सुपारीच्या बुंध्याशी पिसं पडली होती. सातातली दोन गेली. रानमांजर होतं की कोल्हा, ते कळलं नाही. चूक काकींची नव्हती, माझी होती. आजही आमची बदकं त्याच सांभाळतात, आणि पुढे जे लिहिलंय त्यातलं अर्धं मी त्यांच्याकडूनच शिकले आहे.

आधी ठरवा: आत्ता जाता येण्यासारखं आहे का?

घरात चार-पाच आठवड्यांच्या आतली पिल्लं असतील तर शक्यतो जाऊ नका. त्यांना ऊब लागते, त्यांचं पाणी दिवसातून चार वेळा बदलावं लागतं, आणि पिसं पुरती आली नसताना ती भिजली की गारठून मरतात. कुणाला तरी घरी मागे ठेवा.

मादी अंड्यांवर बसली असेल तर तारीख मोजा. बदकाची अंडी २८ दिवसांनी फुटतात, मस्कोव्ही जातीच्या बदकाची सुमारे ३५ दिवसांनी. पिल्लं फुटायच्या आठवड्यात तुम्ही घरी असाल अशा बेताने तिकीट काढा. एखादं बदक लंगडत असेल, सुस्त असेल, तर आधी त्याचं काय ते बघा. निरोगी, मोठ्या बदकांना मात्र आठ-दहा दिवस दुसऱ्याच्या हाती सोपवायला हरकत नाही.

एका रात्रीपुरतं जायचं असलं तरी कुणीतरी यायलाच हवं. "टबभर पाणी आणि पाटीभर दाणा ठेवला, एक दिवस निघतो" हे मांजराच्या बाबतीत कदाचित चालेल. बदकांच्या बाबतीत दार उघडं ठेवलंत तर रात्रीचा धोका, बंद ठेवलंत तर दिवसभर कोंडमारा. एप्रिल-मेमध्ये पत्र्याखाली कोंडलेली बदकं दुपारपर्यंत धापा टाकू लागतात.

आणखी एक सल्ला हमखास मिळतो: "देवळाच्या तळ्यात सोडा, पक्षीच तो, राहील." राहत नाही. पेकिन किंवा खाकी कॅम्पबेल यांसारखी पाळीव बदकं उडून जीव वाचवण्याइतकी उडत नाहीत. तळ्याकाठचे कुत्रे त्यांना दोन रात्रींत संपवतील.

माणूस कोण निवडायचा

जवळचा, हे पहिलं. दोन किलोमीटरवरच्या पक्षीप्रेमी मित्रापेक्षा गडग्यापलीकडची वहिनी बरी, कारण पाऊस कोसळत असताना तिन्हीसांजेला छत्री घेऊन तीच येणार आहे. तिच्या घरी ती वेळ मोकळी असते का, हे विचारा. दिवेलागणीला जिच्या घरी गाईची धार काढायची असते तिला तुमच्याकडे साडेसहाला येणं जमणार नाही, आणि भिडेखातर ती नाही म्हणणार नाही. म्हणून प्रश्न असा टाका: "वहिनी, संध्याकाळी साडेसहा ते सात या वेळात तुम्हाला घरचं काय काय असतं?" उत्तरातून कळतं.

दोन माणसं सांगून ठेवा, पण जबाबदारी एकाचीच. दोघांना सारखीच सांगितली की दोघांनाही वाटतं, दुसरा जाऊन आला असेल. दुसऱ्या माणसाचं काम एवढंच: पहिल्याचा निरोप आला तर जायचं. घराची किल्ली मात्र दोघांकडे हवी.

त्यांच्या घरी कोंबड्या असतील तर एक गोष्ट न लाजता बोला. बदकांच्या जागेत वापरायच्या चपला वेगळ्या. एक जोड आमच्या दाराशी कायम असतो. काकी आपल्या चपला बाहेर काढतात, त्या घालतात, जाताना साबणाने हात धुतात. जानेवारी २०२१ मध्ये राज्यात बर्ड फ्लू आला तेव्हा परभणीच्या कोंबड्यांबरोबर दापोलीत मेलेल्या पक्ष्यांमध्येही तो सापडला होता, म्हणजे हे आपल्यापासून लांबचं नाही. बदकांच्या अंगात तो विषाणू असूनही ती वरून ठणठणीत दिसू शकतात. त्यामुळे ही काळजी काकींच्या कोंबड्यांसाठीही आहे, आणि तसं सांगितलं की कुणाला राग येत नाही.

मोबदल्याचं आधी बोला. आमच्याकडे त्या दिवसांतली सगळी अंडी काकींची, शिवाय रोजचे ठरलेले पैसे. शेजारधर्म म्हणून पैसे नको म्हणतील, तरी द्या. पुढच्या वेळी मोकळेपणाने विचारता येतं.

तीन संध्याकाळी तालीम

निघायच्या आधी निदान तीन संध्याकाळी सांभाळणाऱ्या माणसाला बोलवा. पहिल्या दिवशी तुम्ही बदकं आत घाला, त्यांनी बघावं. दुसऱ्या दिवशी दोघांनी मिळून. तिसऱ्या दिवशी तुम्ही पडवीत बसून राहा, काहीही झालं तरी उठू नका.

बदकं हाकायची असतात, पकडायची नसतात. दोन लांब काठ्या किंवा चुडताचे दोन हीर हातात धरून, हात पसरून, मागून सावकाश चालायचं. एक वळलं की बाकीची वळतात. मागे धावलं की ती पांगतात, आणि एकदा वाडीत पांगली की अर्धा तास गेलाच. पकडायची वेळ आलीच तर पाय धरू नये, हे पुन्हा पुन्हा सांगा. कोंबडी पायाला धरून उलटी उचलायची सवय गावात सगळ्यांना असते. बदकाचे पाय नाजूक, सांध्यात निखळतात. दोन्ही पंख अंगाशी दाबून, पोटाखाली हात घालून उचलायचं.

यापेक्षा सोपा उपाय म्हणजे आमिष. संध्याकाळचा दाणा बाहेर कधीच द्यायचा नाही, खुराड्यातच द्यायचा, आणि तो देताना डबा वाजवायचा. आमचा जुना पत्र्याचा डबा आहे, त्यात चमचाभर मका टाकून खुळखुळवला की बदकं रांगेने येतात, मग हात कुणाचाही असो. ही सवय लागायला दोनेक आठवडे जातात. जायच्या आदल्या दिवशी सुरू करून भागत नाही.

आत गेल्यावर मोजायचं. सहा म्हणजे सहा. पाच भरली तर दार लावून घ्यायचं आणि सहावं शोधायचं, तसंच घरी जायचं नाही.

दार, कडी, जाळी

आता खुराडं बघा, आणि ते रात्री फिरणाऱ्या जनावराच्या नजरेने बघा. उदमांजर छपरावरून येतं, कोल्हा जमीन उकरतो, कुत्रा धडक देतो, आणि अजगराला दोन बोटांची फट सापडली तर तो ती तपासून बघतोच. मुंगूस दिवसाढवळ्या फिरतं, त्याचा रोख पिल्लांवर आणि अंड्यांवर असतो. षटकोनी भोकांची पातळ कोंबडी-जाळी बदकांना आत ठेवते, पण कुत्र्याला बाहेर ठेवत नाही. खालच्या दोन-तीन फुटांना वेल्डमेश, म्हणजे जाड तारेची चौकोनी जाळी, लावा, आणि ती वीतभर जमिनीत पुरा किंवा बाहेरच्या बाजूने चिरे रचा. जांभ्याचे चिरे आपल्याकडे कुठेही पडलेले असतात.

साधी सरकती कडी नाक खुपसून उघडली जाते. कडीत खिळा किंवा हुक अडकवा. पण कुलूप लावू नका; पावसात किल्ली फिरत नाही आणि सांभाळणारा माणूस अंधारात बॅटरी तोंडात धरून उभा राहतो.

जमीन कोरडी हवी. पेंढा, भाताचं तूस किंवा वाळलेला पातेरा जाड पसरा, आणि दोन पोती जास्तीची तिथेच भरून ठेवा. वरून मूठभर टाकायला सांगा. सगळं काढून साफ करायचं काम दुसऱ्यावर टाकू नये. दर बदकामागे तीन-चार चौरस फूट जागा आणि वर वारा खेळायला झरोका, एवढं असेल तर आठ दिवस निघतात.

दाण्याचं गणित

मोठ्या बदकाला दिवसाला साधारण १५० ग्रॅम दाणा धरा. दिवसभर वाडीत हिंडून गोगलगायी, गांडुळं, किडे खाणारं बदक त्याहून कमी खातं, पण हिशेब पूर्ण दाण्याचा करावा. सहा बदकं म्हणजे दिवसाला ९०० ग्रॅम. आठ दिवसांचे सात किलो दोनशे ग्रॅम. त्यावर तीन दिवसांचं जास्तीचं. पावसाळ्यात तर पाच दिवसांचं. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी भरलं तेव्हा आम्ही पुण्यात होतो. रेल्वे बंद, घाटात दरडी, आणि घरी दाणा दोन दिवसांचा. काकींनी स्वतःच्या घरची कणी आणि कोंडा घातला म्हणून निभावलं. तेव्हापासून आगोटीच्या बेगमीत बदकांचं पोतं पहिलं भरलं जातं.

मापासाठी एकच डबा द्या. "थोडा", "मूठभर", "पोटभर" हे शब्द वापरू नका. एक डबा सकाळी, एक संध्याकाळी, आणि डब्यावर खूण.

काय द्यायचं? अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं गोळीखाद्य मोठ्या बदकांना चालतं आणि दुसऱ्या माणसाच्या हाती देताना तेच सगळ्यात सोयीचं. एरवी मी तांदळाची कणी, मक्याचा भरडा, कोंडा आणि थोडी सुकट असं मिश्रण ओलं करून देते. ओलं खाद्य मात्र कोकणच्या हवेत दोन-तीन तासांत आंबतं, मग भांडं घासावं लागतं. माघारीच्या दिवसांत ओलं बंद. सवयीचं खाद्य बदलायचं असेल तर आठवडाभर आधीपासून, जुन्यात नवं मिसळत बदला. नायसिन या जीवनसत्त्वाची गरज बदकाला कोंबडीपेक्षा जास्त असते, ते कमी पडलं तर पाय वाकडे होतात. हा धोका मुख्यतः पिल्लांना, आठ दिवसांनी मोठ्यांचं काही बिघडत नाही.

अंड्याच्या कवचासाठी तिसऱ्यांच्या शिंपल्या धुऊन, वाळवून, कुटून वेगळ्या वाटीत ठेवा. हवं तेव्हा त्या आपण होऊन खातात.

बुरशीबद्दल मी कडक आहे. पावसाळ्यात मका आणि शेंगदाण्याची पेंड बघता बघता बुरसते, आणि त्या बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन हे विष बदकांना कोंबड्यांपेक्षा फार लवकर मारतं. १९६० साली इंग्लंडमध्ये बुरसलेल्या शेंगपेंडीमुळे लाखावर टर्की पक्षी मेले, त्यांच्याबरोबर बदकांची पिल्लंही, आणि त्यातूनच या विषाचा शोध लागला. दाणा घट्ट झाकणाच्या पिंपात ठेवा, पिंप जमिनीवर नको, चिऱ्यावर. सांभाळणाऱ्याला सांगा: वास कुबट आला, गोळे दिसले, तर ते पोतं टाकून द्यायचं, पैशाचा विचार करायचा नाही.

पाव, बिस्किटं, फरसाण नको. खारवलेली मासळी नको, मीठ बदकांना सोसत नाही. सुकटसुद्धा धुऊनच. वाल, चवळी, राजमा कच्चे नकोत. लोक प्रेमाने आणतात, म्हणून "मी नसताना वरचं काहीच घालू नका" असं एकदाच स्पष्ट सांगितलेलं बरं. पालक, लाल माठ, काकडीच्या सालींना हरकत नाही.

पाणी

पाण्याशिवाय दाणा द्यायचा नाही; कोरडं पीठ घशात अडकतं. चोच नाकपुड्यांपर्यंत बुडेल एवढं खोल भांडं लागतं, कारण त्याच पाण्याने बदक नाक आणि डोळे धुतं. दोन घमेली पुरतात. एक पिण्याचं, एक अंघोळीचं, असं आपण म्हणतो. बदकं दोन्हींत दोन्ही करतात. पिण्यापुरतं एका बदकाला दिवसाला अर्धा ते एक लिटर, उन्हाळ्यात जास्तच, आणि सांडायचं धरलं तर त्याच्या दुप्पट-तिप्पट. दिवसातून दोनदा ओतून नवं भरायचं. ओतलेलं पाणी माडाच्या आळ्यात.

मोठं टाकं किंवा डबकं असेल तर जाण्याआधी उपसून स्वच्छ करा. उन्हाळ्यात कुजका पाला आणि मेलेला उंदीर पडलेल्या साचल्या पाण्यातून बॉट्युलिझम ही विषबाधा होते. बदकाची मान लुळी पडते आणि ते फार वेळ टिकत नाही. टाक्यातून बाहेर यायला उतरता चिरा ठेवा.

पंपावर विसंबू नका. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर किनाऱ्यावरच्या कित्येक गावांत दिवसच्या दिवस वीज नव्हती. शंभर-दीडशे लिटरचं पिंप भरून, झाकून ठेवा आणि तांब्या त्याच्यावरच ठेवा.

शेजारच्या वाडीत काय चाललंय?

हे नव्या माणसाच्या लक्षातच येत नाही. पावसाच्या तोंडावर आणि पावसात सुपारीवर बोर्डो मिश्रण हे बुरशीनाशक मारतात. त्यात मोरचूद असतो, आणि खाली निळसर पाण्याची डबकी साचतात. बदक डबकं सोडत नाही. हिवाळ्यात आंब्याच्या मोहोरावर फवारण्या होतात. भाताच्या दिवसांत उंदरांना विष घालतात, कुठे गोगलगायींची गोळी टाकतात, आणि विषाने मेलेली गोगलगाय बदकाला खाऊच वाटते. जाण्याआधी चारही बाजूंच्या शेजाऱ्यांना विचारा, "या आठवड्यात फवारणी आहे का?" असेल तर त्या दिवशी आणि पुढचे तीन-चार दिवस बदकं आवारातच, जाळीच्या आत. आपल्या परड्यात घातलेलं उंदरांचं विषही काढून टाका. पावसाळ्यात सांभाळणाऱ्यासाठी गमबूट ठेवा. सांडलेल्या दाण्यावर उंदीर येतात आणि उंदरांच्या मुतातून माणसाला होणारा लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) आपल्या भागात नवा नाही.

दाराला अडकवायचा कागद

फोनवर पाठवलेलं वर जातं आणि सापडत नाही. मी पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहिते, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून खुराड्याच्या दाराला बांधते. आमचा असा आहे:

काकी, नमस्कार. बदकं सहा: पाच माद्या, एक नर (शेपटीवर वळलेलं पीस).
सकाळी साडेआठला दार उघडा, त्याआधी नको. अंडी आतच घालू देत. पण ऊन कडक असेल तर साडेसात. एक डबा दाणा. दोन्ही घमेली ओतून भरा. अंडी तुमची.
दुपारी जमलं तर पाणी बघा.
संध्याकाळी साडेसहाला डबा वाजवा. एक डबा दाणा आणि पाण्याचं एक घमेलं आत. सहा मोजा. कडी, मग खिळा. मला "सहा" एवढंच पाठवा.
खात नाही, एकटं बसलंय, लंगडतंय, हिरवं पातळ शिटतंय, मान टाकतंय: त्याला बाकीच्यांपासून वेगळं पेंढ्याच्या क्रेटमध्ये ठेवा आणि मला लगेच फोन करा, कितीही वाजले असोत.
एखादं मेलं तर हात लावू नका, फोन करा. तुम्हाला कुणी काही बोलणार नाही.

त्याखाली तीन फोन: माझा, दुसऱ्या शेजाऱ्यांचा, तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा. शिवाय १९६२, हा जनावरांच्या फिरत्या दवाखान्याचा टोल-फ्री क्रमांक. डॉक्टरांना निघण्याआधी एक फोन करून ठेवा. दवाखान्यात गाई-म्हशी, शेळ्या, कुत्रे जास्त येतात. बदकांचं नाव आधी कानावर असलेलं बरं. डक प्लेग या बदकांच्या साथीच्या रोगाची लस राहिली असेल तर त्याच फोनवर विचारा, आणि ती जाण्याच्या आदल्या दिवशी न टोचता दोन-तीन आठवडे आधी टोचून घ्या. खर्चासाठी पैसे पाकिटात घालून काकींकडे द्या, म्हणजे रिक्षा करायला त्या थांबणार नाहीत.

"एखादं मेलं तर" ही ओळ मी मुद्दाम लिहिते. एकदा मेलेलं बदक घाबरून तसंच पुरलं गेलं आणि ते कशाने मेलं हे मला कधीच कळलं नाही. दोन-तीन एकदम मेली तर दवाखान्याला कळवायचंच.

बदकं दुसरीकडे न्यायची असतील

शक्यतो नेऊ नका, अनोळखी जागी ती दोन दिवस खात नाहीत. इलाज नसेल तर प्लॅस्टिकचे आंब्याचे क्रेट घ्या, तळाशी पेंढा, एका क्रेटमध्ये दोनच बदकं, वर दुसरा क्रेट उलटा बांधून. पहाटे निघा. त्यांच्या कोंबड्यांत मिसळू देऊ नका.

निघताना आणि परतल्यावर

रोज सातला "सहा" हा शब्द येतो. साडेसातपर्यंत आला नाही तर मी फोन करते, आणि काकींना हे माहीत आहे, म्हणून त्यांना तो फोन अविश्वासाचा वाटत नाही. दिवसातून चार-चार व्हिडिओ मात्र मागू नका.

परत आलात की त्याच दिवशी एकेक बदक उचलून बघा: छातीचं हाड टोचतंय का, तळपायाला काळा खडा किंवा सूज आहे का, डोळे स्वच्छ आहेत का. चिऱ्याच्या खडबडीत जमिनीवर चालून तळव्याला इजा होते आणि ती वरून दिसत नाही. मग काकींकडे चहाला जा आणि विचारा. मागच्या वेळी त्यांनी सांगितलं, नर दोन दिवस एकाच मादीच्या मागे होता, तिच्या मानेवरची पिसं गेली आहेत. मी उचलून बघितलं होतं तरी ते माझ्या नजरेतून सुटलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार त्यांच्याच वेळेला उघडा. आमच्याकडे काकी साडेआठ म्हणजे साडेआठला येतात, मी एरवी नऊला उठून जाते, आणि परतल्यावर पहिल्या दिवशी नऊ वाजेपर्यंत सहाही बदकं दाराशी उभी राहून ओरडत असतात.